हरीण, फासेपारधी आणि आपला हरभरा



काल पहाटे पाणी धरायला गेलो, तर हरभऱ्याचे शेंडे खुडलेले. ओल्या मातीत काळविटांची खुरं उमटलेली. शेजारी म्हणाला, "दादा, तारेत करंट सोडा." मी नाही म्हणालो. का ते सांगायला थोडं मागं जावं लागंल.

ही हरणं आपल्या माळावर आपल्या आधीपासूनची. कळपाला आवर घालणारे तिघं होते: चित्ता, लांडगा आणि फासेपारधी. पारधी गायीच्या आडोशानं कळपाजवळ जायचा, फासे मांडायचा. गाभण मादी नाहीतर पाडस अडकलं तर सोडून द्यायचा. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी ही रीत नोंदवून ठेवली आहे. शिकारही वाटून घेतलेली. हरीण-तितर पारध्याचं, रानडुक्कर नंदीवाल्याचं, मुंगूस-रानमांजर वैदूचं. आपण पेरणीसाठी बियाणं राखतो, तसाच हा हिशोब.

इंग्रजांनी १८७१ पासून कायदे करून अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कोल्हापूरसारख्या संस्थानात काळविटामागं पाळीव चित्ते सोडायचे. देशी चित्ते मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणले. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. मग जीप आणि बंदूक आली. बंदुकीला गाभण कळत नव्हती, पाडसही कळत नव्हतं. कळप विरळ झाले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाची शिकार बंद केली. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झालं. हरीण वाचलं, चांगलंच झालं. पण ते चरणार कुठं? अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. गायरानं आपणच नांगरली, गवताळ माळावर खड्डे काढून झाडं लावली, लांडगा दिसला की मारला. शिकारी गेला, गवतही गेलं. राहिला आपला हरभरा.

आता करंटचं. करंटलाही गाभण कळत नाही, आणि माणूसही कळत नाही. रात्री मोटार चालू करायला आपलीच पोरं जातात. शिवाय तो गुन्हा आहे.

म्हणून मी वनविभागाकडं नुकसानीचा अर्ज दिलाय, पंचनामा होईल. कळप फार वाढला असंल तर मोजणी करून हलवावा. मध्य प्रदेशात २०२५ साली हेलिकॉप्टरनं हाकून काळविटं पकडली आणि दुसरीकडं नेऊन सोडली. पण गवत नसंल तर हलवलेलं हरीणही कुणाच्या तरी रानातच शिरणार. येत्या ग्रामसभेत मी उरलेलं गायरान मारवेल-पवन्यासाठी राखायचं मांडणार आहे. त्यात माझा बांधाबाहेर सरकलेला अर्धा एकर आहे, तो आधी सोडतो.

तुमच्या गावात गायरान किती उरलंय? लिहा.