बेवारशी पाखरांची वर्दी

जुन्या माणसांच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना 'उंदीर पडला' या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे कित्येक वर्षे घरात मेलेला उंदीर दिसला, की लोक बोचकी बांधून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. मात्र माणूस आजारी पडला, की हेच लोक त्याला माळ्यावर दडवीत. १८९७ साली पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरझडती घेतली, तिची धास्तीच तशी होती. वर्दी द्यावी तर घरदार उघड्यावर!

हे सगळे आठवायचे कारण बर्ड फ्लू. भारतात तो प्रथम सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापुरास. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्या टापूतल्या धडधाकट कोंबड्याही सुटल्या नाहीत. ज्याचे पोट कोंबड्यांवर, त्याने वर्दी देण्याआधी दहादा विचार केला, तर मी तरी त्याला बोल लावणार नाही. २००९ साली कायदा झाला आणि जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने रोगाची खबर दिलीच पाहिजे असे ठरले. ठीक आहे. पण रानपाखराला धनी कोण?

रानपाखरे या रोगाने घाऊक मेल्याची पहिली नोंद १९६१ सालची, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. सुमारे १,३०० सुरय पक्षी तेव्हा मेले. आपल्याकडे हिमाचलातल्या पोंग जलाशयावर २०२०च्या डिसेंबरअखेर पट्टकादंब मरून पडू लागले. सुरुवातीला चारदोन, मग बघता बघता हजारो. भोपाळच्या प्रयोगशाळेने रोगाचे नाव सांगितले ते नमुने गेल्यावर. आणि नमुने गेले, कारण तळ्याकाठी फिरणाऱ्या वनरक्षकांनी मेलेली पाखरे पाहून वर कळवले. २०२५च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगिरात कावळे पडू लागले, तेही आधी रस्त्यावरच्या माणसांनाच दिसले. दहाव्याला कावळा शिवावा म्हणून आपण तासन्‌तास ताटकळतो. मेलेल्या कावळ्याला मात्र वळसा घालून पुढे जातो.

वळसा घातलेला एकवेळ बरा. आमच्या कॉलेजच्या आवारात एका पोराने मेलेला कावळा पंखाला धरून उचलला आणि सरळ नाल्यात भिरकावला! रोगाचे विषाणू पाखराच्या विष्ठेत नि लाळेत असतात आणि थंड पाण्यात बरेच दिवस तग धरतात. म्हणजे नाला ही सर्वांत वाईट जागा. पाखरू असेल तिथेच राहू द्यावे, कुत्री-मांजरे नि मुले दूर ठेवावीत, आणि जागा, वेळ, किती पाखरे हे पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा वनखात्याला कळवावे. उचलायचे काम हातमोजे, मुखपट्टी घालून येणाऱ्यांचे. चुकून हात लागलाच, तर साबणाने खसखसून धुवावा. नंतर ताप आला, तर डॉक्टरला पाखराची गोष्ट आधी सांगावी.

कुत्र्या-मांजरांचे म्हणतो ते उगाच नव्हे. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात याच रोगाने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. ती जनावरे पिंजऱ्यात, सरकारी देखरेखीखाली होती, म्हणून नमुने गेले आणि कारण कळले. रानात असे मेलेले जनावर वाटसरूलाच दिसायचे.