जोड दिसू द्यावा

२६ सप्टेंबर १९६०ची रात्र. अमेरिकेत शिकागोच्या सीबीएस स्टुडिओत राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार समोरासमोर आले. एक जॉन केनेडी, दुसरे रिचर्ड निक्सन. अध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशी चर्चा दूरचित्रवाणीवर दाखवण्याची ती पहिलीच वेळ. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि अनेकांनी ती रेडिओवर ऐकली. ऐकणाऱ्यांना न दिसलेली एक गोष्ट मात्र पाहणाऱ्यांसमोर होती. ती म्हणजे उमेदवारांना बसायला दिलेल्या लाकडी खुर्च्या. सडपातळ पाय, आणि पाठीमागून दोन्ही हातांकडे एका ओघात वळत आलेलं लाकूड. बस, एवढंच.

आपल्याकडे खुर्ची म्हटलं की सत्ता आठवते. त्या रात्रीचं भांडणही खुर्चीचंच होतं. पण मला बोलायचं आहे ते ज्या खुर्चीवर बसून हे भांडण झालं, तिच्याविषयी आणि ती घडवणाऱ्या माणसाविषयी. अमेरिकेतले लोक तिला नुसतं ‘द चेअर’ म्हणत. घडवणाऱ्याचं नाव हान्स वेग्नर.

वेग्नरचा जन्म २ एप्रिल १९१४चा, टोंडर या गावातला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये असलं, तरी १८६४च्या युद्धानंतर तो मुलूख डेन्मार्कच्या हातून गेला होता. वेग्नर जन्मला तेव्हा टोंडर जर्मन साम्राज्यात होतं. १९२०मध्ये लोकांचं मत घेऊन सीमा पुन्हा आखली गेली आणि सहा वर्षांचा हा मुलगा घर न बदलता डॅनिश झाला. वडील चांभारकाम करत. पायाच्या मापाप्रमाणे जोडा शिवायचा, हे त्यानं घरातच पाहिलं. पुढे माणसाच्या पाठीच्या मापानं त्यानं लाकूड कापलं, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

शाळा सुटताच तो गावातल्या एका सुताराकडे उमेदवारीला लागला आणि सतराव्या वर्षी कसबी कारागीर म्हणून बाहेर पडला. मग कोपनहेगन, तिथलं कला-कारागिरीचं विद्यालय, आणि पुढे आर्ने याकोबसेन व एरिक म्योलर या वास्तुविशारदांच्या हाताखाली ऑर्हुस शहराच्या नव्या नगरभवनाचं फर्निचर. नगरभवन १९४१मध्ये उघडलं. तेव्हा देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता.

त्या काळच्या कोपनहेगनमध्ये एक मोठी सोय होती. सुतारांचा संघ १९२७पासून दरवर्षी प्रदर्शन भरवत असे. रेखाटन करणारा आणि रंधा चालवणारा यांनी जोडीनं काहीतरी नवं मांडायचं, अशी प्रथा होती. कोरे क्लिंट या गुरूनं त्याच सुमारास तरुणांना धडा घालून दिला होता, की जुन्या चांगल्या वस्तू मोजा, त्या का टिकल्या ते शोधा आणि मग आपलं काम सुरू करा. वेग्नर क्लिंटच्या वर्गात बसला नाही, पण हा धडा त्यानं पुरेपूर घेतला. मिंग काळातल्या चिनी खुर्चीवरून त्यानं १९४४मध्ये आपली ‘चिनी खुर्ची’ बेतली. इंग्लंडमधल्या विंडसर खुर्चीवरून १९४७मध्ये उंच, पसरट पाठीची खुर्ची केली. फिन यूल या समकालीन रचनाकारानं तिला ‘मोर’ असं नाव दिलं. तिच्या पाठीच्या काड्या जिथे खांद्याची हाडं टेकतात, नेमक्या तिथे चपट्या केल्या आहेत. डोळ्यांना तो पिसारा वाटतो आणि पाठीला आधार.

आता १९४९च्या त्या गोल खुर्चीकडे येऊ. योहानेस हान्सेन यांच्या कार्यशाळेत ती तयार झाली. पाठ आणि हात मिळून जे वळण दिसतं, ते लाकडाचे तीन तुकडे सांधून केलेलं असतं. हा सांधा काही वेग्नरच्या मनासारखा दिसेना. म्हणून पहिल्या खुर्चीत पाठीवर वेत गुंडाळून त्यानं तो झाकला. आपल्याकडे पोपडा आलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगतात, तसाच हा प्रकार.

पण झाकून त्याचं समाधान झालं नाही. लवकरच त्यानं वेत काढून टाकला आणि सांधाच नव्यानं रचला. दोन्ही तुकड्यांना करवतीसारखे दाते पाडायचे आणि ते एकमेकांत घट्ट बसवायचे. हा नागमोडी जोड त्यानं उघडा ठेवला. लाकडाचे रेषे एका तुकड्यातून दुसऱ्यात वाहत गेल्यासारखे दिसावेत, म्हणून लाकूडही निवडून घ्यावं लागे. कमीपणाची वाटलेली जागाच त्या खुर्चीची खूण झाली. ‘इंटिरियर्स’ या अमेरिकी मासिकानं १९५०मध्ये तिला प्रसिद्धी दिली आणि समुद्रापलीकडून मागण्या येऊ लागल्या.

मी कविता लिहितो, त्यामुळे या जोडापाशी जरा जास्त थांबतो. घरात आम्ही ‘कुर्सी’ म्हणतो, कागदावर मी ‘खुर्ची’ लिहितो. हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. आमच्या बोलण्यात असे सांधे पावलोपावली आहेत. ते झाकून भाषा गुळगुळीत करावी, असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. मला वेग्नरची रीत पटते. जोड असा पक्का करावा की तो लपवावासा वाटू नये.

त्याच १९४९मध्ये त्यानं ओडेन्सच्या कार्ल हान्सेन यांच्या कारखान्यासाठी आणखी एक खुर्ची आखली. पाठीत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आधार असलेली ही खुर्ची १९५०पासून आजतागायत सतत बनते आहे. तिची बैठक हातानं विणतात, आपली बाज विणतात तशी. एका खुर्चीला पीळ दिलेल्या कागदाची सुमारे १२० मीटर दोरी लागते. हातकामाची जागा कुठली आणि यंत्राची कुठली, याविषयी वेग्नर हट्टी नव्हता. यंत्र चांगलं कापत असेल तर यंत्रानं कापावं, हाताशिवाय भागत नसेल तिथे हात लावावा.

पण या यशाला दुसरी बाजूही आहे. युद्धाच्या काळात वेग्नरचा मित्र बोर्गे मोगेन्सेन डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी चळवळीच्या फर्निचर विभागाचा प्रमुख होता. साध्या घराला परवडेल असं चांगलं सामान बनवणं हे त्या विभागाचं काम. वेग्नरनं त्यासाठी १९४४मध्ये एक झुलती खुर्ची करून दिली. आज त्याच वेग्नरच्या अनेक खुर्च्या जगभर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसतात आणि साधं घर स्वस्त नकलांवर भागवतं. कारागिराला नीट मजुरी द्यायची, तर वस्तू महाग होते. स्वस्त करायची, तर कुठेतरी कुणाच्या तरी हाताला कमी मिळतं. हे कोडं वेग्नरला सुटलं नाही आणि आपल्यालाही सुटलेलं नाही.

काळही फिरला. सुतारांचं ते वार्षिक प्रदर्शन १९६६मध्ये बंद पडलं. प्लास्टिक आलं, आवडी बदलल्या, छोट्या कार्यशाळांना कुलपं लागली. वेग्नरनं १९६३मध्ये केलेली तीन पायांची, पंखासारख्या बैठकीची खुर्ची तेव्हा फारशी चालली नाही. ती १९९८मध्ये पुन्हा बनू लागली आणि मग लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. हान्सेन यांची कार्यशाळा मिटल्यावर गोल खुर्ची पीपी म्योब्लर या दुसऱ्या कार्यशाळेनं हाती घेतली. तिथे आता पाठीचं लाकूड संगणकाच्या यंत्रावर कोरतात, पण शेवटचा हात माणूसच फिरवतो.

आयुष्यभरात वेग्नरनं सुमारे ५०० खुर्च्या आखल्या. खुर्ची करता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर इतक्या कशाला, असं कुणी विचारेल. कवीला हा प्रश्न पडत नाही. त्याच चार पायांची, एका बैठकीची गोष्ट पुन्हा मांडायची आणि दर वेळी एखादी नको असलेली काडी काढून टाकायची, हेच त्याचं काम होतं.

२६ जानेवारी २००७ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी तो गेला. त्याच्या हयातीतच, १९९५मध्ये, टोंडरच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यात त्याच्या खुर्च्यांचं संग्रहालय झालं. गावाला द्यायच्या ३७ खुर्च्या त्यानं स्वतः निवडल्या. चांभाराच्या मुलानं आपल्या गावाला दिलेली ही भेट. एकेकाळी गावाचं पाणी साठवणारा मनोरा आता गावच्या कारागिराचं काम सांभाळतो आहे.