अंबाल्याची डोरोथी आणि नवा ‘जुना धर्म’

अंबाला छावणीतलं सेंट पॉल चर्च आज पडक्या अवस्थेत उभं आहे. १९६५च्या युद्धात त्यावर बॉम्ब पडला होता. याच चर्चमध्ये २१ फेब्रुवारी १८८० रोजी क्लटरबक नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. मुलीचं नाव डोरोथी. शंभर वर्षांनी इंग्लंडमधली एक बाई ही नोंद शोधत होती, कारण तिच्या धर्माची जन्मकथा या डोरोथीपाशी येऊन अडली होती. ती बाई स्वतःला उघडपणे ‘विच’ म्हणवून घ्यायची. तिचं नाव डोरीन व्हॅलिएंटे आणि धर्म विका.

रील्स बघताना मेणबत्त्या, स्फटिक आणि टॅरोच्या गर्दीत विका हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. सोबत एक गोष्टही येते. हा म्हणे ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा धर्म. चर्चने नव्वद लाख बायका जाळल्या, तरी तो गुपचूप टिकून राहिला. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. युरोपातल्या चेटूक-खटल्यांत मारल्या गेलेल्यांचा आजच्या इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते पन्नास हजारांचा आहे. त्यांत पुरुषही होते आणि इंग्लंडमध्ये तर अशा लोकांना फाशी देत. मला या धर्मात रस वाटू लागला तो हे कळल्यानंतर.

‘विच’ला मराठीत चेटकीण म्हणावं, तर माझा हात अडखळतो. आपल्याकडे डाकीण, चेटकीण हे शिक्के दुसऱ्यांनी मारायचे असतात आणि ते जिवावर बेततात. स्वतःहून तो शब्द कपाळावर लावून घेणं ही वेगळीच गोष्ट. म्हणून इथे ‘विच’च ठेवते.

गोष्टीची सुरुवात मार्गारेट मरे यांच्यापासून करावी लागते. यांचा जन्मही हिंदुस्थानातला, १८६३ साली कलकत्त्यात. पेशाने त्या इजिप्तच्या इतिहासाच्या अभ्यासक. १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की चेटकीण म्हणून मारलेले लोक एका प्राचीन, संघटित धर्माचे अनुयायी होते. इतर अभ्यासकांनी त्यातली कच्ची बाजू लगेच दाखवली. पण ब्रिटानिका ज्ञानकोशातली ‘विचक्राफ्ट’वरची नोंद मरेबाईंची होती आणि ती १९२९पासून चाळीस वर्षं तिथे राहिली. म्हणजे सामान्य वाचकाच्या दृष्टीने प्रश्न मिटलाच!

हा वाचलेला धर्म जिवंत भेटल्याचा दावा केला जेराल्ड गार्डनर यांनी. लाकडाचा व्यापार करणाऱ्या घरातला हा दम्याचा मुलगा तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यांत गेला, मग बोर्निओ, मलाया, रबर आणि शेवटी कस्टम्सची नोकरी. मलय लोकांच्या ‘क्रिस’ खंजिराचा त्याला एवढा नाद की १९३६ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. निवृत्तीनंतर तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, न्यू फॉरेस्टजवळ राहायला आला. तिथे १९३९च्या सप्टेंबरमध्ये ‘ओल्ड डोरोथी’ नावाच्या श्रीमंत बाईच्या घरी आपल्याला जुन्या विच मंडळींनी दीक्षा दिली, असं त्याचं म्हणणं. १९५१ साली इंग्लंडचा दोनशे वर्षं जुना विचक्राफ्ट कायदा रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. प्रस्तावना अर्थातच मरेबाईंची.

विधी असा: जमिनीवर नऊ फुटी वर्तुळ आखायचं, काळ्या मुठीच्या सुरीने. (खंजिराचा नाद आठवा.) चार दिशांना आवाहन करायचं. पौर्णिमेला जमायचं, शिवाय ऋतूंप्रमाणे वर्षाचे सण. देवी आणि शिंगं असलेला देव, दोघांची पूजा. अंगावर कपडे नाहीत. याला ते ‘स्कायक्लॅड’ म्हणत, म्हणजे शब्दशः दिगंबर. गार्डनर त्याच्या कितीतरी आधीपासून नग्नतावादी क्लबांत जात असे, हा योगायोग मला फार गोड वाटतो. विधीच्या ऐन भरात देवी पुजारिणीच्या अंगात येते आणि बोलते. आपल्याला अंगात येणं नवं नाही, पण इथे देवी काय बोलणार ते बहुतेक वेळा आधीच लिहिलेलं असतं.

आणि ते लिहिलं व्हॅलिएंटेबाईंनी. १९५३ साली दीक्षा घेतल्यावर गार्डनरने दाखवलेली ‘प्राचीन’ वही त्यांनी वाचली आणि ओळी ओळखल्या. ॲलिस्टर क्रोली या कुप्रसिद्ध तांत्रिकाची पुस्तकं त्यांच्या वाचनात होती. त्यांनी गार्डनरला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, मला मिळालेले विधी तुटके होते, मी जोड दिली. तुला बरं जमत असेल तर तू लिही. त्यांनी लिहिलं. क्रोली बऱ्यापैकी बाहेर गेला आणि आज जगभर म्हटलं जाणारं देवीचं निवेदन आलं.

ओळी उसन्या आहेत हे कळूनही त्या थांबल्या, पण १९५७ साली निघून गेल्या. गार्डनरला वर्तमानपत्रांत झळकायची हौस होती आणि त्याला आवर घालावा असं मंडळातल्या काहींना वाटत होतं. त्यांनी नियम सुचवले, तेव्हा गार्डनरने एकदम विच लोकांचे ‘पुरातन कायदे’ काढून दाखवले. त्यांत एक कलम होतं: वय झालेल्या पुजारिणीने तरुण बाईसाठी जागा सोडावी. व्हॅलिएंटे तेव्हा पस्तिशीच्या! हे कायदे आजवर कधी दिसले कसे नाहीत, असा साधा प्रश्न त्यांना पडला. परंपरा बनावट असण्यात वाईट काय, असं कुणी विचारलं की मला हे कलम आठवतं. जुनं म्हटलं की प्रश्न बंद होतात आणि ते कुणाचे बंद होतात हे बहुतेक ठरलेलं असतं.

१९८० साली जेफ्री रसेल या इतिहासकाराने ओल्ड डोरोथी मुळात होती का, अशी शंका घेतली. व्हॅलिएंटे चिडल्या नाहीत, दप्तरं चाळायला लागल्या. मृत्यूची नोंद मिळाली, १९५१ची. मग आईवडिलांचं लाहोरमधलं लग्न आणि अखेर अंबाल्याचा बाप्तिस्मा. डोरोथी खरी होती. ती विच होती का, हे त्या कागदांवरून ठरत नव्हतं. बाहेरून पाहता तिचं आयुष्य एका सुखवस्तू, चर्चला जाणाऱ्या बाईचंच दिसतं. १९८९च्या पुस्तकात व्हॅलिएंटेंनी कोणता मजकूर कुठून आला तेही मोकळेपणाने सांगून टाकलं.

दहा वर्षांनी, १९९९ साली, रोनाल्ड हटन यांनी विकाचा सविस्तर इतिहास लिहिला आणि अखंड प्राचीन परंपरेच्या कथेला फारसा आधार उरला नाही. धर्म मात्र ओस पडला नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःला पेगन लिहिलं आणि १३ हजारांनी विका. तुलनेसाठी सांगते, जैन २५ हजार होते.

व्हॅलिएंटे १९९९च्या सप्टेंबरमध्येच गेल्या. ब्रायटनमध्ये त्या एका साध्या सरकारी इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायच्या. २०१३ साली तिथे निळी पाटी लागली. तिच्यावर कवयित्री, लेखिका आणि आधुनिक विचक्राफ्टची आई असं लिहिलं आहे.