सांध्याचा करारनामा

कागल आणि हातकणंगले या तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ओतीव भागाचे छिद्र तपासावयाचे झाले, की तपासनीस गेज हाती घेतो. त्याचे 'गो' टोक आत गेले पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. एवढ्या भरवशावर तो भाग दूरच्या, कधी न पाहिलेल्या कारखान्यातील यंत्रात चपखल बसतो. दोन अनोळखी माणसांमधील हा करारच होय.

या कराराला इतिहास आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांना एकच प्रमाण सुचविले. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असा नेम नव्हता. १८५६ मध्ये जॉन सॅक्सबी यांनी रेल्वेचा सांधा व सिग्नल एकत्र हलविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पुढे 'इंटरलॉकिंग' आले. सांधा नीट बसल्यावाचून सिग्नल पडेचना! प्रवाशांचा जीव केवळ सांधेवाल्याच्या सावधपणावर विसंबून राहिला नाही.

आता ब्रेक आणि सुकाणूही संगणकाच्या आज्ञावलीवर चालू लागले. तिला गेज कोणते लावावयाचे? १९६९ मध्ये टोनी होअर यांनी तर्कशास्त्राकडून उत्तर आणले. आरंभी अमुक अट खरी असेल, तर अखेरीस तमुक अट खरी ठरेल, असे गणिताच्या भाषेत लिहावे आणि सिद्ध करावे. दोन भागांमधील देवघेवीचा करारही असाच मांडता येतो.

तो अपुरा राहिला तर काय होते, हे ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याची दिशा सांगणारी यंत्रणा एरियान ४ वर उत्तम चाललेली होती. परंतु नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. त्यावरून निघणारा आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि यंत्रणा बंद पडली. चौकशीत काय आढळावे? एरियान ५ च्या मार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या लेखी अपेक्षांत घातलेलीच नव्हती, आणि तीही सर्वांच्या संमतीने!

जुन्या इंजिनावर नावाजलेला भाग नव्या इंजिनाला देताना कागलच्या कारागिरालाही हाच प्रश्न पडावा. भाग तोच असेल. पण नव्या घरची उष्णता, दाब, वेग यांचा करार कोणी लिहिला आहे काय? 'ते ठाऊकच आहे' असे उत्तर आले, तर गेज खाली ठेवून आधी कागद मागावा.