मास्क, सॅनिटायझर आणि साबण : कोणत्या आजाराला काय कामाचे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात कोरोना ओसरला असे वाटत असतानाच अमरावती जिल्ह्यात रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती शहराबरोबर आपले अचलपूर-परतवाडाही आठवडाभरासाठी बंद झाले. पुढे ज्याला ‘डेल्टा’ म्हटले गेले, त्याच कुळातला विषाणू त्या महिन्यांत आपल्या भागातल्या नमुन्यांत सापडला होता. तेव्हा घराघरांत, दुकानांत आणि विहारांत सॅनिटायझरची बाटली आली. आज मास्क दिसत नाहीत, पण काही विहारांच्या दारात ती बाटली अजून आहे, आणि आत वंदनेला बसलेल्या पन्नास माणसांच्या डोक्यावरच्या खिडक्या बंद आहेत. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला हे उलटे वाटते. ते का, हे सांगण्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

कोरोना, फ्लू, गोवर आणि क्षय हे श्वासातून पसरणारे आजार आहेत. खोकताना, मोठ्याने बोलताना, एका सुरात गाथा म्हणतानाही तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, अगदी बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. सुरुवातीला सगळा भर वस्तू पुसण्यावर होता. भाजी धुतली जायची, नोटांवर फवारा मारला जायचा. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्पष्ट केले की, विषाणू लागलेल्या वस्तूला हात लावल्याने कोरोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजार वेळांत एकापेक्षाही कमी आहे. धोका मुख्यतः हवेत होता, आणि आपण मात्र दाराच्या कड्या पुसत होतो.

हवेसाठी मास्क. कापडी मास्क किंवा तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा मोठे थेंब अडवतो, बारीक कण फारसे अडवत नाही. दवाखान्यात मिळणाऱ्या तीन पदरी निळ्या मास्कच्या मधल्या पदरावर स्थिर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. म्हणूनच तो साबणाने धुवून पुन्हा वापरायचा नसतो. धुतल्यावर तो भार जातो आणि उरते नुसते कापड. एन-९५ चाचणीत किमान ९५ टक्के बारीक कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल, नाकाजवळ फट असेल तर हवा तिथूनच ये-जा करते. ज्या मास्कला पुढे प्लास्टिकची गोल झडप असते, तो घालणाऱ्यापुरता असतो. त्याचा उच्छ्वास न गाळता समोरच्यावर येतो. आजारी माणसाने तो घालून काही उपयोग नाही.

सगळ्यांनी मास्क लावल्याने आजार किती कमी होतो, याचा आपल्यासारख्या समाजात झालेला मोठा अभ्यास बांगलादेशचा आहे. २०२०-२१ मध्ये तिथल्या सुमारे ६०० गावांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांवर तो झाला. काही गावांत मास्क फुकट वाटले, वापरून दाखवले, आठवण करून दिली. तिथे मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोरोना सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळला. निळे मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये ही घट ३५ टक्के होती. याची दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा समाजात मास्क वाटल्याने ठोस फरक पडतो असे दिसले नाही. मात्र त्यातल्या अनेक चाचण्यांत लोकांनी मास्क नीट लावलाच नव्हता. आमचे मत असे की, मास्क ही ढाल नाही, पण गर्दीच्या बंद खोलीत, म्हाताऱ्या माणसांजवळ आणि दवाखान्यात तो कामाचा आहे. वावरात एकट्याने काम करताना त्याची गरज नाही. फवारणी करताना तर यातल्या कोणत्याही मास्कवर विसंबू नये, कारण औषधाची वाफ त्यातून आत जाते.

आता सॅनिटायझर. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवे. हात २०-३० सेकंद ओले राहतील एवढे घ्यावे, दोन थेंब चोळून काही होत नाही. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते, ते अल्कोहोलने फुटते. उलटी-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला असे आवरणच नसते, त्यामुळे त्याच्यावर सॅनिटायझर कमी पडते. मातीने, तेलाने, शेणाने माखलेल्या हातावरही ते नीट चालत नाही. कापूस वेचून आलेल्या बाईला, नाली साफ करून आलेल्या कामगाराला साबण आणि पाणीच लागते. हात धुण्याने श्वसनाचे आजारही काही प्रमाणात कमी होतात. कोक्रेनच्याच त्या आढाव्यात ही घट सुमारे १४ टक्के होती.

पण साबण सांगणे सोपे आहे. आम्ही एका वस्तीत हात धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवत असताना एक आजी म्हणाल्या, “ताई, नळ एक दिवसाआड येते. मंग हात किती डाव धुवा?” आमच्याकडे उत्तर नव्हते. जुलै २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे दगावली. तिथे कोणी हाताला कितीही सॅनिटायझर लावले असते तरी विहीर तशीच राहिली असती. म्हणून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत निवेदन द्यायचे असेल तर ते पाण्यासाठी द्यावे.

बाटलीचे धोकेही लक्षात ठेवावेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लहान मुलांच्या तोंडात सॅनिटायझर गेले. मुले सुदैवाने वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वणीत दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन काही जणांचा जीव गेला. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये आणि पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच भरू नये.

सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते क्षयाबद्दल, कारण तो आपल्या वस्त्यांतून गेलेलाच नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रोज संध्याकाळी ताप, वजन घटणे असे असेल तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे, शिवाय उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. क्षय हवेतून पसरतो. ताट, कपडे, अंथरूण, हात मिळवणे यांतून तो पसरत नाही. तरीही ताट वेगळे केले जाते आणि खिडकी मात्र उघडली जात नाही. रुग्णाने मास्क लावल्याचा फायदा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेत औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांनी साधे निळे मास्क लावले, तेव्हा संसर्ग निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. नेहमीच्या क्षयात योग्य औषध सुरू झाल्यावर बहुधा दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूप खाली येते. म्हणजे मास्क थोड्या दिवसांचा असतो, बहिष्कार मात्र वर्षानुवर्षे चालतो.

मास्क लावला की लोक ओळखतील, म्हणून तरुण मुले तो लावत नाहीत आणि काही जण तपासणीलाही जात नाहीत. हे आम्ही वारंवार पाहतो. ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द २०२० मध्ये आला, तेव्हा आपल्या समाजाला तो बोचला. ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीपासून लांब उभे केले गेले, त्यांना ‘सामाजिक अंतर’ पाळा म्हणणे विचित्रच होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. मग आपल्याच विहारात खोकणाऱ्या माणसाला दाराबाहेर बसवताना आपण कोणते अंतर पाळतो? सोबतच्या भिक्खूंनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आनंदांसोबत धुवून काढले, ही विनयातली कथा आपण प्रवचनात ऐकतो.

विहार समित्यांना आमची विनंती आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला रोज गर्दी असते, तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहतील असे पाहावे. कबुतरांमुळे बंद केल्या असतील तर जाळी बसवावी. दाराजवळ निळ्या मास्कचा डबा ठेवावा आणि सर्दी-खोकला असेल त्याने आपणहून घ्यावा, कोणी नाव घेऊन देऊ नये. त्याला जागा खिडकीजवळ द्यावी. नळाजवळ साबण बांधून ठेवावा. सॅनिटायझर ठेवायचेच असेल तर बुद्धमूर्तीपासून दूर ठेवावे. हाताला लावून लगेच मेणबत्ती किंवा अगरबत्ती पेटवू नये. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, हात भाजल्यावरच कळते.