गाणारें घर

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत चर्चचा पाया केव्हां घातला गेला, शाळा कशी उभी राहिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें सांगण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ दगडविटांची इमारत नव्हे. तो घरांचा समुदाय आहे, आणि घरांचा इतिहास नोंदवहींत मावत नाहीं. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्या उघडल्या असतां नांवें व तारखा हातीं लागतात. पण त्या तारखांच्या मधल्या काळांत त्या घरांत कोण रुसलें, कोण परत आलें, आणि दिवेलागणीला कोणतें पद म्हटलें गेलें, हें तेथें सांपडत नाहीं. या लेखांत आम्ही त्या न लिहिलेल्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरांतील गाणें हा सुखाच्या दिवसांचा दागिना नसून पडत्या भिंतीचा टेकू आहे. मात्र तें गाणें घरच्या माणसांच्या कंठांतून निघालें पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याची भूमि गाण्याला नवखी नाहीं. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वीं वऱ्हाडांतील घरोघर पहाटे जातें फिरत असे आणि जात्याबरोबर ओवी फिरत असे. त्या ओवींत माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, लेकराचें कौतुक, आणि या सर्वांच्या मागें देवाचें नांव असे. ती ऐकावयास सभा जमत नसे; हात कामांत असत व मन बोलत असे. जें दुःख नवऱ्यापाशीं किंवा सासूपाशीं उघड बोलतां येत नसे, तें जात्यापाशीं बोलतां येई. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनांतून व तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीच्या तालावर खेड्यापाड्यांतील संसारी माणसांशीं बोलले, तेंही याच मातींतील रीतीला धरून होतें. येथील माणसाला उपदेश कोरडा दिला तर तो ऐकतो व विसरतो. चालीवर दिला तर तो घरीं घेऊन जातो.

ही गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेच्या ध्यानांत फार पूर्वीं आली होती. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले आणि तेथील लोकांची भाषा शिकून त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण रचलें. तें प्रथम १६१६ सालीं छापलें गेलें. साष्टींतील चर्चांमधून भाविक जमले असतां तें गाऊन दाखविलें जात असे. प्रभु येशूचें चरित्र गद्यांत सांगणें या विद्वानास कठीण नव्हतें. तरी त्यांनीं ओवीच निवडली, कारण ज्या छंदांत आई लेकराला जोजविते त्याच छंदांत तारणाची कथा घरांत शिरावी, हा मार्ग त्यांना सरळ दिसला असावा.

गाणें आणि संसार यांचा संबंध किती खोल जाऊं शकतो, याचें मराठी ख्रिस्ती इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचें घर. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट पंथाचें होतें व आम्ही कॅथलिक आहों, हें विसरून आम्ही लिहीत नाहीं. परंतु त्यांच्या संसाराची कथा लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत इतक्या सत्यतेनें सांगितली आहे कीं, ती कोणत्याही पंथाच्या गृहस्थाला स्वतःच्या घराची वाटावी.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. आई जानकीबाई भाविक व कवितेची आवड असलेल्या होत्या, वडील तापट. नारायण लहान असतांनाच आई गेली, आणि आईकडून मिळालेला काव्याचा नाद तेवढा बरोबर घेऊन मुलगा घराबाहेर पडला. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतला. त्यांच्या माहेरीं सोवळ्याचा कहर इतका कीं, मीठसाखर देखील धुऊन घेतली जाई! अशा घरांतील मुलगी बालवयांतच एका भटक्या, उदार, शीघ्रकोपी कवीच्या पदरीं पडली. टिळक आज येथें तर उद्यां तेथें असत. हातीं पैसा आला तर तो दुसऱ्याच्या अडचणींत जाई, आणि स्वतःच्या चुलीचा प्रश्न लक्ष्मीबाईंनीं सोडवावा. पहिलीं कांहीं अपत्यें अल्पवयांतच गेलीं. संसाराचे चढउतार म्हणतात ते या घराला पुरेपूर भोगावे लागले.

या चढउतारांचा एक धागा आपल्या जिल्ह्याच्या अंगावरून गेलेला आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगांव हीं आपलीं स्थानकें त्याच मार्गावर आहेत. टिळकांनीं कांहीं काळ नागपुरास काढला. नाशिककडील नातलग व नागपूरचें बिऱ्हाड यांना जोडणारी आगगाडी ती हीच. पुढें १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना गाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. दोन वर्षांनीं, १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला.

ती वार्ता लक्ष्मीबाईंना वज्राघातासारखी झाली. पदरीं लहान मुलगा दत्तू, भोंवतीं हळहळणारे नातलग, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा! सुमारें चार-पांच वर्षें पतिपत्नी विभक्त राहिलीं. त्यांतील कांहीं काळ लक्ष्मीबाईंनीं पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें काढला. ज्या गांवांत दिवसरात्र टाळमृदंगाचा घोष चालतो तेथें ही दुःखी स्त्री राहिली, आणि याच विरहाच्या काळांत तिला स्वतःला कविता सुचूं लागली. ज्या बाईला अक्षरओळखही पतीनेंच लग्नानंतर करून दिली होती, तिनें आपलें न बोलतां येणारें दुःख छंदांत घातलें. जात्यावरच्या बायांनीं पिढ्यान्‌पिढ्या जें केलें तेंच तिनें केलें. तुटलेल्या घराचीं दोन्ही टोकें या काळांत काव्याच्या धाग्यानें जोडलेलीं राहिलीं, असें आम्हांस वाटतें.

अखेर त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या. आरंभीं त्यांनीं आपलें सोवळें व आपला स्वयंपाक निराळा ठेवला, आणि टिळकांनीं त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाहीं. मनांतील जातिभेद जसजसा गळत गेला तसतशा त्या स्वतःच्या पायांनीं ख्रिस्ताकडे आल्या व १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकत्र आल्यावर या घरांतील ओढगस्त व कुरबुर संपली असें नाहीं. टिळकांचा स्वभाव बदलला नाहीं. मात्र त्या घरीं अनाथ मुलांना व पाहुण्यांना दार नेहमीं उघडें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं हें सर्व हंसत हंसत लिहिलें आहे, आणि त्या हंसण्याखालीं किती अश्रु आहेत हें वाचकास कळल्यावांचून राहत नाहीं.

याच घरांतून मराठी ख्रिस्ती उपासनेला नवा सूर मिळाला. त्या काळीं पुष्कळ मंडळ्यांत पाश्चात्य चालींवर बसविलेलीं मराठी गीतें म्हणत असत. शब्द आपले पण सूर परका. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया आधींच घातला होता. टिळकांनीं अभंग, पद, भजन व कीर्तन यांना उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें आणि स्वतः शेंकडो गीतें रचलीं. तीं पंथांच्या भिंती ओलांडून दूरवर पोंचलीं आहेत. कीर्तनाची खुबी अशी कीं, कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहत असतो. पूर्वरंगांत अभंगाचें निरूपण, उत्तररंगांत आख्यान. पण कोठें थांबावें, कोणतें पद पुन्हां घ्यावें, कोठें टाळ हळू करावेत, हें समोरच्या माणसांवर अवलंबून असतें. उधळ्या पुत्राचें आख्यान चालू असतां एखाद्या बापाची मान खालीं गेली, तर जाणता कीर्तनकार तेथें क्षणभर थांबतो. ही सोय जिवंत गाण्यांतच आहे.

टिळक ९ मे १९१९ रोजीं निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ज्या पतीच्या धर्मांतरामुळें आपला संसार मोडला असें एकेकाळीं ज्यांना वाटलें, त्यांनींच त्या पतीचें अपुरें गाणें शेवटास नेलें! १९३६ सालीं त्या वारल्या. विवाहाच्या वेळीं वधूवरांना सांगण्यासारखा याहून सुंदर दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांतून गाण्यानें सर्व भांडणें मिटतात असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. गाण्यानें टिळकांचें कर्ज फिटलें नाहीं किंवा गेलेलीं लेकरें परत आलीं नाहींत. गाण्यानें एवढेंच केलें कीं, दोन माणसें एकमेकांपासून दूर असतां व एकमेकांवर रागावलेलीं असतां एकाच देवापुढें उभीं राहूं शकलीं.

आतां आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेकडे वळूं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीतासंबंधीं आज्ञापत्र काढलें आणि भाविकांनीं पुन्हां गायनांत भाग घ्यावा अशी इच्छा दर्शविली. आपला जिल्हा ज्यांत मोडतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ सालीं नागपूर धर्मप्रांतांतून वेगळा झाला. त्याच वर्षाच्या नाताळच्या दिवशीं पोप बारावे पायस यांनीं पवित्र संगीतावर परिपत्रक लिहून मिशन देशांतील लोकांच्या भक्तिगीतांना उत्तेजन दिलें. पुढें ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला वाट करून दिली व ज्या त्या देशाच्या संगीतपरंपरेचा आदर करावा असें ठरविलें. त्यामुळें लॅटिन मिस्सेच्या वेळीं जपमाळ हातांत घेऊन बसणारे भाविक आज पेटी, तबला व टाळ यांच्या साथीनें मराठींत गाऊं शकतात. चर्चचा कंठ मोकळा झाला. पण त्याच काळांत घराचा कंठ मात्र हळूहळू बसत चालला, हें खेदानें लिहावें लागतें.

याचें एक कारण आपल्याच जिल्ह्यांतील एका गौरवाच्या गोष्टीशीं गुंतलेलें आहे. मेहकरचे वकील व कवि ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांनीं गाइली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताच्या युगाचा आरंभ पुष्कळ लोक त्या मुद्रिकेपासून मानतात. आपल्या मातींतलें गाणें तबकडीवर चढून महाराष्ट्रभर गेलें, याचा अभिमान प्रत्येक बुलढाणेकरानें बाळगावा. १९४८ सालीं नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालें आणि मागाहून यंत्रें लहान होत होत खिशांत आलीं. उत्तम गवयी आतां गरिबाच्या झोपडींतही गातो, हा लाभ थोडा नव्हे. पण यंत्राला घरांत आज काय घडलें आहे हें ठाऊक नसतें. बाप कामावरून अपमान सोसून आला आहे, सून दोन दिवस बोललेली नाहीं, आजी आजारी आहे. यंत्र आपलें ठरलेलेंच गातें. शिवाय उत्तम गाणें सतत कानीं पडल्यानें आपला ओबडधोबड आवाज काढण्याची माणसाला लाज वाटूं लागते, आणि गाणारें घर ऐकणारें घर होऊन बसतें.

पवित्र शास्त्र या बाबतींत काय दाखवितें तें पाहावें. शेवटच्या भोजनानंतर, विश्वासघात दाराशीं उभा असतां, प्रभु येशू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन मगच जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असें संत मत्तय सांगतो. फिलिप्पै येथें पौल व सीला यांना फटके मारून तुरुंगांत घातलें असतां ते मध्यरात्रीं देवाचीं गीतें गात होते, बंदिवान ऐकत होते, आणि त्याच रात्रीं तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या सगळ्या घराण्यानें बाप्तिस्मा घेतला. दोन्ही ठिकाणीं गाणें सुखाच्या वेळीं निघालेलें नाहीं. त्यांचा आवाज कसा होता, तें सुरांत होतें कीं नव्हतें, याची नोंद शास्त्रानें केलेली नाहीं.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना एक नम्र विनंति आहे. संध्याकाळच्या जपमाळेनंतर एक पद सर्वांनीं मिळून म्हणावें. ज्या दिवशीं घरांत वितुष्ट असेल त्या दिवशीं तर तें मुळींच चुकवूं नये. पेटी नसली तर टाळ्या आहेत. आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांना ज्या ओव्या, पदें व पाळणे येतात ते त्यांच्या हयातींतच मुलांनीं शिकून घ्यावे व वहींत उतरून ठेवावे, कारण ती वही त्यांच्या बरोबर मातींत गेली कीं पुन्हां मिळावयाची नाहीं. पुढील ज्युबिलीस जे कोणी या धर्मग्रामाचा इतिहास लिहितील, त्यांना इमारतीची हकीगत सहज मिळेल. येथील घरें अडचणीच्या दिवसांतही गात होतीं, हेंही त्यांना लिहितां यावें, अशी व्यवस्था करणें आज आपल्या हातीं आहे. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपणां सर्वांच्या घरीं शांति व कंठीं गीत ठेवो, हीच आमची प्रार्थना.