मुलीसाठीं राखून ठेविलेली वही

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे भेटींचा ओघ सुरू होतो. बाळंतविडा येतो, त्यांत अंगडीं, टोपडीं, कुंची, दुपटें, वाळे, खुळखुळा अशी सारी सामग्री असते, आणि बाळाच्या आईसाठीं एखादें लुगडें किंवा खण ठेवण्याची रीतही आपल्याकडे आहे. अलीकडे कित्येक सुशिक्षित कुटुंबांतून ह्या भेटींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे आठवणींची चिकटवही. बहिणी, मैत्रिणी किंवा माहेरचीं माणसें जुनीं छायाचित्रें, पत्रें व बारीकसारीक कागद एका वहींत चिकटवितात, मधूनमधून चार ओळी लिहितात, आणि ती वही बाळंतिणीच्या हातीं देतात. कोणास ही केवळ हौस वाटेल. कोणास परक्यांचें अनुकरण वाटेल. परंतु ह्या हौसेला इतिहास आहे, आणि तो पाहूं लागलें असतां एक प्रश्न पुढें उभा राहतो. अशा भेटींत स्मरण कोणाचें राखावयाचें? बाळाचें, घराण्याचें, कीं त्या आईचें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर इटलींतील फ्लॉरेन्स नगरानें दिलेलें आहे. १३४८ सालच्या महामारीनें तेथील घरेंच्या घरें ओस पडलीं. त्यानंतरच्या काळांत जन्मास येणाऱ्या मुलाचें मोल साहजिकच वाढलें, आणि बाळंतिणीला रंगीत चित्रांनीं सजविलेलें लाकडी तबक देण्याचा प्रघात श्रीमंत घरांतून पडला. ह्या तबकांतून तिला खाण्याचे पदार्थ नेऊन देत, आणि पुढें तेंच तबक भिंतीवर टांगून ठेवीत. अशा तबकांपैकीं सर्वांत प्रसिद्ध तबक सुमारें १४४९ सालचें असून तें आज न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. लोरेंझो द मेदिची ह्याच्या जन्मानिमित्त तें तयार झालें. चित्रकार स्केज्जा हा सुप्रसिद्ध मसाच्चो ह्याचा धाकटा भाऊ. तबकावर कीर्तिदेवता उभी आहे व सभोंवतीं घोडेस्वार हात पसरून तिला वंदन करीत आहेत. पाठीमागें दोन्ही घराण्यांचीं चिन्हें आहेत. लोरेंझो १४९२ सालीं वारला, तेव्हां हें तबक त्याच्या खाजगी दालनांत होतें. ह्यावरून त्यानें तें जन्मभर जपलें असें म्हणावयास हरकत नाहीं. लोरेंझोची आई लुक्रेत्सिया तोर्नाबुओनी ही स्वतः कवयित्री होती. तिचीं धार्मिक काव्यें आजही उपलब्ध आहेत. परंतु तिच्याच बाळंतपणाच्या ह्या भेटीवर तिच्याविषयीं काय आहे? तिच्या माहेरचें कुलचिन्ह, एवढेंच. स्मरण राखलें गेलें तें घराण्याच्या कीर्तीचें.

मनांतलें कांहीं राखावयाचें तर कागद लागतो. युरोपांत वाचलेलें व ऐकलेलें टिपून ठेवण्याची संवय जुनी होती. जॉन लॉक ह्या तत्त्ववेत्त्यानें तर अशा टिपणवहीची अनुक्रमणी कशी करावी ह्याची पद्धति १६८६ सालीं फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकांत छापील रंगीत चित्रें स्वस्त झालीं, १८३९ नंतर छायाचित्रणाची कला पसरली, आणि टिपणवहीची चिकटवही झाली. ती इतकी लोकप्रिय झाली, कीं १८७३ सालीं अमेरिकेंतील विनोदी लेखक मार्क ट्वेन ह्यानें अशा वहीचें पेटंट घेतलें; तिच्या पानांवर आधींच डिंक लावलेला असे, तो ओला केला कीं काम झालें. पुढें बाळासाठीं छापील वह्याही निघाल्या. पहिला दांत, पहिलें पाऊल, पहिला शब्द अशा नोंदींसाठीं त्यांत जागा मोकळ्या ठेवलेल्या असत व आईनें त्या भरावयाच्या. ह्या वह्यांनीं बाळाचें वजन व उंची जपली. आईला काय वाटलें ह्यासाठीं मात्र त्यांत फारशी जागा नसे.

ह्या छापील वह्या निघण्याच्या पुष्कळ आधीं मँचेस्टर शहरांत एका तरुण आईनें ही उणीव एका साध्या कोऱ्या वहींत भरून काढली होती. तिचें नांव एलिझाबेथ गॅस्केल. पुढें ‘मेरी बार्टन’, ‘क्रॅनफर्ड’, ‘नॉर्थ अँड साउथ’ ह्या कादंबऱ्यांनीं व शार्लट ब्राँटेच्या चरित्रानें ती प्रसिद्धीस आली. परंतु १८३५ च्या मार्चमध्यें तिनें ही वही लिहावयास घेतली तेव्हां ती एका धर्मोपदेशकाची चोवीस वर्षांची पत्नी होती. १८३३ सालीं तिला पहिली मुलगी झाली ती मृतच जन्मली. १८३४ च्या सप्टेंबरांत दुसरी मुलगी मॅरिअन झाली. वही सुरू केली तेव्हां मॅरिअन सहा महिन्यांची होती.

वहीच्या आरंभींच गॅस्केलबाईंनीं ती मॅरिअनला अर्पण केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं ही वही स्वतःच्या हातानें मुलीला देण्यास आपण जगलों नाहीं, तर आईच्या प्रेमाची खूण म्हणून ती तिच्यासाठीं राखून ठेवावी. आणि पुढेंमागें ती स्वतः आई झाली, तर दुसऱ्या एका आईचा अनुभव वाचण्यांत तिला गोडी वाटेल. म्हणजे ज्या बाळंतिणीसाठीं ही भेट तयार होत होती, ती त्या वेळीं पाळण्यांत होती.

मुलीच्या हातीं वही देण्याआधींच आपण जाऊं ही शंका ह्या तरुण आईला कां यावी? तिची स्वतःची आई ती तेरा महिन्यांची असतांना वारली होती. चेशायरमधील नट्सफर्ड गांवीं मावशीनें तिला वाढविलें. मावशीचें प्रेम उदंड होतें. तरी आईचा चेहरा, आईचा आवाज, आपल्या जन्माच्या वेळीं तिला काय वाटलें, ह्यांपैकीं कांहींही तिच्याजवळ नव्हतें. जें आपल्याला मिळालें नाहीं तें मुलीला मिळावें, एवढ्यासाठीं तिनें लेखणी हातीं धरली.

ह्या वहींत काय आहे हें पाहण्यासारखें आहे. मॅरिअनचें रडणें, हसणें, तिचा हट्ट, तिची माणसांची ओळख, तिचें चालावयास शिकणें हें सर्व तींत आहे. पण त्याहून महत्त्वाचें असें, कीं आईची अनिश्चितता तींत जशीच्या तशी आहे. मूल रडलें असतां त्याला मागितलेली वस्तु द्यावी कीं न द्यावी? एका पुस्तकांत एक सांगितलें आहे, तर जिनीव्हा येथील नेकर द सोस्यूर ह्या विदुषीच्या ग्रंथांत दुसरेंच आहे. पुस्तकांचें एकमेकांशीं जुळत नाहीं, तेव्हां आईनें करावें काय, असा गोंधळ गॅस्केलबाई मोकळेपणानें लिहून ठेवतात. एकदां मॅरिअनला घशाचा जबर आजार झाला, त्या वेळची भीति तींत आहे. ह्या मुलीवर आपण इतका जीव जडवूं नये, कारण ती केव्हां हिरावली जाईल ह्याचा नेम नाहीं, हा धाकही पुनःपुन्हां येतो. नोंदी नियमित नाहींत. मध्यें महिनेच्या महिने जातात. १८३७ सालीं दुसरी मुलगी झाली आणि त्याच वर्षीं ती मावशीही वारली. १८३८ च्या ऑक्टोबरांत वही थांबते. ज्या घरांत दोन लहान मुलें आहेत तेथें वही कां थांबते हें कोणाही आईला सांगावयास नको.

ह्यानंतर अकरा वर्षांनीं, १८४९ सालीं, एक गोष्ट घडली. गॅस्केलबाईंच्या आईनें लिहिलेलीं कांहीं जुनीं पत्रें एका गृहस्थांनीं जपून ठेविलीं होतीं, तीं त्यांनीं बाईंकडे पाठविलीं. तोंवर त्यांच्याजवळ आईची म्हणून अशी एकही वस्तु नव्हती. आभाराच्या पत्रांत त्यांनीं लिहिलें, कीं ज्याची आई लहानपणींच गेली त्यालाच ही तहान कळावयाची. त्या वेळीं त्या अडतीस वर्षांच्या होत्या, चार मुलींची आई होत्या, आणि १८४५ सालीं एकुलता एक मुलगा गमावून बसल्या होत्या. पुढच्याच वर्षीं, १८५० सालीं, शार्लट ब्राँटे हिच्या वडिलांनीं तिला तिच्या मृत आईचीं लग्नापूर्वींचीं पत्रें प्रथमच वाचावयास दिलीं. ज्या मनांतून आपलें मन उगवलें त्याची ही ओळख तिला एकाच वेळीं गोड व दुःखद वाटली. हा प्रसंग आपल्यापर्यंत पोंचला तो गॅस्केलबाईंनीं १८५७ सालीं लिहिलेल्या चरित्रामुळें. ह्या प्रसंगाचें मोल त्यांच्याइतकें कोणास कळणार?

वहीचा पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १८६५ च्या नोव्हेंबरांत गॅस्केलबाई अकस्मात् वारल्या. मॅरिअनचें लग्न झालें तें १८६६ सालीं. मुलगी आई झालेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. आरंभीं लिहिलेली शंका अशा रीतीनें अर्धी खरी ठरली. योगायोग असा, कीं मॅरिअनचा पति थर्स्टन हॉलंड ह्याच्या बाळपणाचीही वही त्याच्या आईनें, सोफिया हॉलंड हिनें, लिहून ठेविली होती. ह्या नव्या संसारांत नवरा व बायको ह्या दोघांच्याही आयांनीं त्यांच्या शैशवाची नोंद केलेली होती. मॅरिअनची वही घराण्यांत राहिली. १९२३ सालीं तिच्या अवघ्या पन्नास प्रती खाजगी रीत्या छापल्या गेल्या, आणि १९९६ सालीं दोन्ही विहिणींच्या वह्या एकाच पुस्तकांत शेजारीं शेजारीं प्रसिद्ध झाल्या. त्या वह्यांत कीर्तिदेवता नाहीं, कुलचिन्हें नाहींत. तरीही फ्लॉरेन्सच्या तबकानें जें राखलें नाहीं तें त्यांनीं राखलें.

आपल्याकडे ह्या बाबतींत काय झालें? मुलाच्या जन्माची नोंद ठेवण्यांत आपण मागें नव्हतों. जन्मपत्रिकेंत तिथि, वार, नक्षत्र, घटका व पळें ह्यांचा हिशेब असतो. परंतु त्या घटकेला आई कोणत्या अवस्थेंत होती, ती किती भ्याली, कोणत्या सुइणीनें तिला धीर दिला, हें पत्रिकेंत येत नाहीं. तें आलें जात्यावरच्या ओव्यांत. लिहितां न येणाऱ्या बायकांनीं माहेर, बाळंतपण व तान्हें बाळ ह्यांच्या आठवणी ओवींत गुंफून एकमेकींना दिल्या. साने गुरुजींसारख्यांनीं पुढें त्या गोळा करून छापल्या म्हणून आपल्याला वाचावयास मिळतात. मात्र ओवी ही सर्वांची असते; तीत अमुक आईनें अमुक मुलीला सांगितलेलें असें वेगळें उरत नाहीं. स्त्रिया लिहूं लागल्यावर ही उणीव हळूहळू भरत गेली. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां घरांतील साध्या गोष्टी जशा घडल्या तशा सांगण्यांत केवढें सामर्थ्य आहे हें महाराष्ट्राला कळलें. पण तसें पुस्तक एखादीच लिहिते. बाकीच्या घरांतून आजी जाते आणि तिच्याबरोबर तिचें सर्व सांगणें जातें.

म्हणून बाळंतिणीसाठीं चिकटवही करणारांनीं गॅस्केलबाईंचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. बाळाच्या नोंदींना पुढें वेळ आहे. त्या ती आई स्वतः करील. आधीं तिच्या स्वतःच्या शैशवाची दोनचार पानें भरावीं. तिच्या जन्माच्या दिवशीं घरांत कोण होतें, तिचें नांव कोणी सुचविलें, ती किती रात्री जागवीत असे, तिच्या पहिल्या आजारांत काय झालें, हें तिच्या आईकडून, आजीकडून, आत्याकडून शक्यतों त्यांच्याच अक्षरांत लिहून घ्यावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचें बोलणें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. आपलें कोठें चुकलें, कोणत्या सल्ल्यानें गोंधळ झाला, तेंही वडील बायकांनीं सांगावें; नव्या आईला त्याच पानांचा आधार अधिक होईल. छायाचित्रामागें माणसांचीं नांवें व साल लिहावें, नाहींतर पन्नास वर्षांनीं तें अनोळखी माणसांचें चित्र होतें. शेवटीं कांहीं पानें कोरीं ठेवावीं.

हें काम फार दिवस लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. ज्यांना विचारावयाचें तीं माणसें वयस्क असतात. आईचीं चार पत्रें हातीं येण्यास गॅस्केलबाईंना अडतीस वर्षें लागलीं, आणि तींही एका परक्या गृहस्थानें जपलीं म्हणून मिळालीं. आपल्या मुलीबाळींना इतकी वाट पाहावी लागूं नये, एवढें तर आपल्या हातीं आहे.